फॉन्ट तोच, मॉनिटर तोच, मग एका सॉफ्टवेअरमध्ये अक्षर कोरीव अन् दुसऱ्यात धुरकट काऊन?

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि तेव्हापासून नागपुरात एक नवीनच तक्रार ऐकू येते. बर्डीवरचे डीटीपीवाले, महालातले टायपिंग इन्स्टिट्यूटवाले, वकिलांकडचे टायपिस्ट, यांच्यातल्या ज्यांचं जुनं मशीन विंडोज ११ ला चालत नाही ते कोणत्यातरी भाच्याला बोलावून विंडोजऐवजी लिनक्स टाकून घेतात, आणि दुसऱ्या दिवशी भाच्याला फोन जातो की बावा, बाकी सगळं चालते, पण अक्षरं कशीतरीच दिसून राहिली, डोळे दुखतात. कशीतरीच म्हणजे कशी हे धड कोणालाच सांगता येत नाही. फॉन्ट बदलून बघतात, मॉनिटर पुसून बघतात, शेवटी चष्म्याचा नंबर वाढला असेल म्हणून सोडून देतात.

बरं, हे लिनक्सपुरतं आहे असंही नाही. विंडोजवरच नोटपॅड, क्रोम, लिबरऑफिस आणि एखादं चॅटचं ॲप अशा चार खिडक्या शेजारी शेजारी लावा, चारही ठिकाणी एकच फॉन्ट, एकच साइज ठेवून "नागपूर" टाइप करा आणि जरा जवळ जाऊन बघा. एकात काळंभोर, एकात राखाडी, एकात जरा जाड, एकात शिरोरेषेची कड ओली झाल्यासारखी. हे असं का होतं, त्यात चूक कोणाची, आणि आपल्याला काय करता येतं, ते बघू.

नेटिव्ह म्हणजे काय, टूलकिट म्हणजे काय

कोणत्याही सॉफ्टवेअरला बटणं, मेनू आणि अक्षरं स्क्रीनवर काढावी लागतात. ही काढायची यंत्रणा विंडोज आणि मॅक स्वतःच देतात. विंडोजकडे आधी जीडीआय होतं, २००९ ला विंडोज ७ सोबत डायरेक्टराइट आलं. मॅककडे २००७ पासून कोअर टेक्स्ट आहे. जे सॉफ्टवेअर थेट ही घरची यंत्रणा वापरतं ते नेटिव्ह.

पण कंपनीला एकच सॉफ्टवेअर विंडोज, मॅक, लिनक्स सगळीकडे विकायचं असेल तर तीनदा कोण लिहिणार? म्हणून बटणं-मेनू-अक्षरं काढण्याचा तयार संच मिळतो, तो एकदा वापरला की सगळीकडे चालतो, त्याला टूलकिट म्हणतात. क्यूटी, जीटीके, जावाचं स्विंग, फ्लटर ही त्यातली ठळक नावं. इलेक्ट्रॉन पण यातच धरा, त्यात तर ॲपच्या पोटात अख्खं क्रोमचं इंजिन बसवलेलं असतं. लिनक्सची गंमत अशी की तिथं नेटिव्ह असं वेगळं काही नाहीच, जीटीके पण टूलकिट आणि क्यूटी पण टूलकिट, आणि बहुतेक वेळा दोघांच्याही खाली फ्रीटाइप नावाची एकच लायब्ररी (तयार कोडचा संच) काम करत असते. त्यामुळे लिनक्सवर नेटिव्ह विरुद्ध टूलकिट असं भांडण लावण्यात फार अर्थ नसतो.

"फॉन्टच भंगार असेल, साधी गोष्ट आहे"

हे सगळ्यात आधी येणारं उत्तर आहे आणि ते थोडंफार खरं पण असतं. कसं, तर आपण ज्याला "तोच फॉन्ट" म्हणतो तो बऱ्याचदा तोच नसतोच. ॲपने इंग्रजीसाठी जो फॉन्ट निवडला त्यात देवनागरी नसेल तर सिस्टीम गुपचूप दुसऱ्या फॉन्टमधून अक्षरं आणते. जुन्या विंडोजवर हा दुसरा म्हणजे मंगल, र. कृ. जोशींनी काढलेला. विंडोज ८ पासून निर्मला यूआय. अँड्रॉइडवर नोटो, मॅकवर कोहिनूर, लिनक्सवर लोहित किंवा नोटो. तेव्हा तुलना करायची तर दोन्हीकडे स्वतः हाताने फॉन्ट निवडा, नाहीतर तुम्ही मंगलची तुलना नोटोशी करत बसाल आणि दोष भलत्याच्याच माथी जाईल.

फॉन्ट खरंच एकच असला तरी फरक उरतोच. कारण फॉन्टच्या फाइलमध्ये अक्षराचं चित्र नसतं, नुसती बाह्यरेषा असते, वळणांचं गणित. त्यावरून स्क्रीनवर अक्षर उमटेपर्यंत तीन कामं होतात. आधी कोणत्या अक्षराला कोणतं रूप द्यायचं, कोण कोणाला जोडायचं ते ठरतं, याला शेपिंग म्हणतात. मग त्या बाह्यरेषेचे पिक्सेल (स्क्रीनवरचे बारीक चौकोनी ठिपके) करायचे, ते काम करणारा भाग म्हणजे रास्टरायझर. आणि शेवटी ते पिक्सेल मागच्या रंगात मिसळायचे. या तिन्ही ठिकाणी नेटिव्ह आणि टूलकिट वेगवेगळे निर्णय घेतात, आणि फॉन्ट बिचारा फुकटचा बदनाम होतो.

पहिलं काम: वऱ्हाडीतला तो र

इंग्रजीत शेपिंग फारसं नसतंच, एकापुढे एक अक्षर ठेवत गेलं की झालं. आपल्याकडे तसं जमत नाही. "किल्ला" मध्ये आपण आधी क टाइप करतो मग वेलांटी, मेमरीत पण त्याच क्रमाने साठवलं जातं, पण दिसताना वेलांटी क च्या आधी यायला पाहिजे. "सीताबर्डी" मध्ये र आधी येतो पण दिसतो डी च्या डोक्यावर, रफार होऊन. "वऱ्हाडी" मध्ये तोच र ह च्या डाव्या बाजूला आडवा चंद्रकोरीसारखा होतो, रफार होत नाही. हे सगळं अक्षर काढण्याआधी कोणीतरी हिशोब करून ठरवावं लागतं.

विंडोजमध्ये ही सोय २००० सालच्या विंडोज २००० पासून आली. एक्सपी वापरलेल्यांना आठवत असेल, मराठी नीट दिसायला सेटिंगमध्ये जाऊन एक टिक करावी लागायची आणि मग तो सीडी मागायचा, ती सीडी कधीच सापडायची नाही. टूलकिटवाले यात बरीच वर्षं मागे होते. प्रत्येकाचं आपलं वेगळं इंजिन, कोणाचा रफार चुकायचा, कोणाची वेलांटी उलट्या बाजूला, कोणी हलन्त तसाच उघडा टाकायचं.

आता चित्र बदललंय. हार्फबझ नावाचं एक मोफत शेपिंग इंजिन आहे, ते क्रोममध्ये आहे, फायरफॉक्समध्ये आहे, अँड्रॉइडमध्ये, जीटीकेमध्ये, क्यूटीमध्ये, फ्लटरमध्ये आहे. लिबरऑफिसने २०१७ च्या ५.३ आवृत्तीपासून सगळीकडे तेच घेतलं, जावाने पण २०१७ लाच जावा ९ मध्ये. म्हणजे अक्षर बरोबर जुळतं की नाही या परीक्षेत आज मोठे टूलकिट आणि नेटिव्ह जवळपास बरोबरीत आहेत, आणि मराठीसाठी ही माझ्या मते चकचकीत कडांपेक्षा फार मोठी गोष्ट आहे. धुरकट "सीताबर्डी" वाचता येते, मोडकी वाचवत नाही.

मोडकं अजूनही दिसतं, पण ते कडेकडेच्या ठिकाणी. व्हिडिओवर नाव टाकायची काही सॉफ्टवेअरं, काही गेम इंजिनं, पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेतल्या पिलो लायब्ररीने वाढदिवसाचे बॅनर आपोआप बनवणारे (त्यात राक्म नावाचा जोडभाग नसेल तर वेलांटी हमखास चुकते). आणि वेलांटीखाली ठिपक्यांचं गोल दिसलं की समजायचं, शेपिंग इंजिनला त्या मात्रेचा मालक सापडला नाही.

अजून एक बारीक गोष्ट, जी मराठी माणसालाच खटकते. ल आणि श ची मराठी रूपं आणि हिंदी रूपं वेगळी आहेत. बऱ्याच फॉन्टमध्ये दोन्ही असतात, पण मजकूर मराठी आहे हे सॉफ्टवेअरने फॉन्टला सांगावं लागतं, नाही सांगितलं तर हिंदीवाला ल येतो. लिबरऑफिसमध्ये मजकूर निवडून भाषा मराठी करा, फॉन्टमध्ये ते रूप असेल तर ल डोळ्यासमोर बदलतो. वेबपेजवर हीच माहिती पानाच्या कोडमध्ये द्यावी लागते आणि बरेच मराठी वेबसाइटवाले देत नाहीत.

दुसरं काम: टाइल्सच्या भिंतीवर नाव

आता खरा धुरकटपणा. समजा घराच्या भिंतीवर छोट्या चौकोनी टाइल्स लावून नाव लिहायचंय आणि टाइल कापायची परवानगी नाही. नकाशात शिरोरेषा अशा जागी आली की ती वरच्या टाइलच्या मधूनच सुरू होते आणि खालच्या टाइलच्या मधेच संपते. एक मिस्त्री म्हणतो, रेषा जरा सरकवू, एक अख्खी ओळ काळी लावू, नकाशा थोडा हलला तर हलला, पण काम टंच दिसलं पाहिजे. दुसरा मिस्त्री म्हणतो, नकाशाला हात लावायचा नाही, दोन्ही ओळीत राखाडी टाइल लावू, लांबून बघितलं की रेषा जागच्या जागी वाटेल.

स्क्रीन म्हणजे ही भिंत आणि पिक्सेल म्हणजे टाइल. पहिल्या मिस्त्रीच्या पद्धतीला हिंटिंग म्हणतात, दुसऱ्याच्या राखाडी टाइलच्या युक्तीला अँटीअलायझिंग. जुनं विंडोज पहिल्या मिस्त्रीचं, मॅक पक्कं दुसऱ्याचं, आणि बाकी सगळे मधे कुठेतरी. विंडोजची सवय असलेल्याला मॅकचं अक्षर जाड आणि धुरकट वाटतं, मॅकवाल्याला विंडोजचं अक्षर हडकुळं आणि वाकवलेलं वाटतं, आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात.

आकड्यात बघा. विंडोजवर १०० टक्के स्केलला (स्केल म्हणजे स्क्रीनवर सगळं किती मोठं दाखवायचं ते) १२ पॉइंटचं अक्षर म्हणजे १६ पिक्सेल. त्या साइजला शिरोरेषा साधारण सव्वा-दीड पिक्सेल जाड असते. समजा १.३ पिक्सेल आहे आणि ती एका पिक्सेलच्या ०.४ वर सुरू होते. म्हणजे वरची ओळ ६० टक्के काळी, खालची ७० टक्के काळी, आणि पूर्ण काळी ओळ एकही नाही! इंग्रजीत एखादा आडवा दांडा असा राखाडी झाला तर खपून जातं. आपल्याकडे शिरोरेषा प्रत्येक शब्दाच्या डोक्यावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत जाते, ती राखाडी झाली की अख्खं पान राखाडी दिसतं. टायपिस्टचे डोळे दुखतात ते इथं.

शिरोरेषेचे सांधे हा अजून वेगळा ताप. प्रत्येक अक्षर सुटं काढलं जातं, आपापल्या शिरोरेषेच्या तुकड्यासकट, आणि ते तुकडे शेजारी शेजारी बसवले जातात. नवे टूलकिट अक्षर पिक्सेलच्या अर्ध्या-पाव जागेवर पण ठेवतात, म्हणजे अंतर सारखं दिसतं. पण सांधा पिक्सेलच्या बरोबर मधे आला तर दोन्ही अक्षरांनी तो अर्धा अर्धा रंगवायचा असतो, आणि अर्ध्यावर अर्धा रंग चढवला की १०० टक्के होत नाही, ७५ होतो. तिथं बारीक फट दिसते. म्हणून फॉन्ट काढणारे हुशार लोक शिरोरेषा दोन्ही बाजूला थोडी जास्त लांब ठेवतात, एकमेकांवर चढेल अशी. मग कोणीतरी अर्धपारदर्शक अक्षरं वापरतं आणि जिथं रेषा एकावर एक चढली तिथं गडद ठिपका दिसतो. यातून पूर्ण सुटका नाही.

आणि सगळ्यात वाईट म्हणजे इंग्रजी डोळ्यासमोर ठेवून अक्षरांमध्ये जागा सोडणारे. गूगलच्या मटेरियल डिझाइनमध्ये, म्हणजे ॲप कसं दिसावं याच्या नियमांमध्ये, साध्या मजकुराच्या एका स्टाइलला अक्षरांमधलं अंतर ०.५ एवढं ठरवून दिलंय. इंग्रजीला ते छान मोकळं दिसतं. देवनागरीला तेच लावलं की शिरोरेषा तुटते, "नागपूर" चे चार तुकडे. यात रास्टरायझरची काहीच चूक नसते, पण बघणारा म्हणतो की या ॲपमध्ये फॉन्ट खराब दिसतो.

तीन रंगांची युक्ती आणि तिचा शेवट

मॉनिटरचा एक पिक्सेल म्हणजे लाल, हिरवी, निळी अशा तीन उभ्या पट्ट्या. त्या वेगवेगळ्या पेटवल्या तर आडव्या दिशेने तिप्पट बारकावा मिळतो, ही सबपिक्सेलची युक्ती. मायक्रोसॉफ्टने १९९८ ला क्लिअरटाइप या नावाने ती जाहीर केली, एक्सपीत आणली, व्हिस्टापासून ती आपोआप चालू असायची. विंडोजवर अक्षराच्या कडेला झूम करून लालसर-निळसर रंग दिसतो तो हाच.

पण नीट बघा, फायदा आडव्या दिशेलाच आहे. उभ्या दांड्याची कड छान होते. आपली शिरोरेषा आडवी, तिची कड वर-खाली, तिथं या युक्तीचा काडीचा उपयोग नाही. उलट जीडीआयमधलं क्लिअरटाइप वर-खाली अँटीअलायझिंग करतच नव्हतं, त्यामुळे लहान साइजला शिरोरेषा एकदम टंच यायची आणि मोठ्या मथळ्यात वळणांना पायऱ्या पडायच्या. डायरेक्टराइटने ते सुधारलं. म्हणून लिनक्सवर गेलेला माणूस जेव्हा म्हणतो की मला क्लिअरटाइप पाहिजे, तेव्हा मराठीपुरतं त्याला खरं पाहिजे असतं ते उभ्या दिशेचं हिंटिंग, शिरोरेषा अख्ख्या पिक्सेलवर बसवणारं. फ्रीटाइपमध्ये ते आहे, आणि त्याच्या आपोआप हिंटिंग करणाऱ्या भागाला देवनागरीची शिरोरेषा ओळखता पण येते.

लिनक्सचे फॉन्ट वाईट हे जे नाव पडलं त्यामागे कोर्टकचेरीची भीती पण होती. ट्रूटाइप हिंटिंगचे पेटंट ॲपलकडे होते, ते २०१० ला संपले आणि त्याच वर्षी फ्रीटाइपने ते हिंटिंग सरसकट चालू केलं. क्लिअरटाइपचे पेटंट २०१९ ला संपले. म्हणजे तुमच्या मनातलं लिनक्स जर २००८ चं असेल तर ते चित्र आता जुनं झालं.

मग टूलकिट नेमकं कुठे मार खातं

एक म्हणजे हट्ट, की सगळीकडे सारखं दिसलं पाहिजे. त्यासाठी टूलकिट स्वतःचा रास्टरायझर आणतं आणि तुम्ही सिस्टीममध्ये केलेल्या सेटिंगकडे बघतच नाही. क्रोमचंच घ्या, विंडोजवर २०१४ पर्यंत ते जुनं जीडीआय वापरायचं, ३७ व्या आवृत्तीत डायरेक्टराइटवर आलं. तरी कॉन्ट्रास्ट आणि गॅमा, म्हणजे राखाडी किती गडद धरायची याचे आकडे, क्रोमचे स्वतःचेच होते. विंडोजमध्ये क्लिअरटाइप ट्यूनर चालवून तुम्ही आपल्या डोळ्याला जमेल असं जुळवलं तरी क्रोमवर त्याचा परिणाम व्हायचा नाही. हे २०२५ मध्ये आलेल्या १३२ व्या आवृत्तीत दुरुस्त झालं, ते काम मायक्रोसॉफ्टच्याच एज ब्राउझरवाल्या लोकांनी केलं. आणि इलेक्ट्रॉनच्या ॲपमध्ये क्रोमचं इंजिन आतच कोंबलेलं असल्याने ॲपवाला जोपर्यंत नवीन इंजिन टाकत नाही तोपर्यंत तुमच्या नशिबी जुनंच. एकाच कम्प्युटरवर ब्राउझर छान आणि चॅटचं ॲप फिक्कट, हे असं होतं.

दुसरं, ग्राफिक्स कार्ड. आजकाल सगळं सरकतं, फुगतं, विरघळतं, म्हणून अक्षरं पण ग्राफिक्स कार्डवर काढतात. सरकताना हिंटिंग केलं तर अक्षर थरथरतं, पिक्सेल-पिक्सेलवर उड्या मारतं, म्हणून हिंटिंग काढून टाकतात. रंगांची युक्ती करायला मागे कोणता रंग आहे हे आधी माहीत लागतं, पारदर्शक थरांमध्ये ते माहीत नसतं, म्हणून ती पण जाते. जीटीके ४ ने २०२० मध्ये हेच केलं आणि साध्या मॉनिटरवाल्यांनी धुरकट-धुरकट म्हणून बोंब मारली, शेवटी ४.१६ आवृत्तीत हिंटिंगवगैरे स्वतः ठरवायची सेटिंग द्यावी लागली. क्यूटीचाच भाग असलेल्या क्यूटी क्विकमध्ये तर पर्याय सरळ लिहून ठेवलेत, त्यात एक क्यूटीची स्वतःची पद्धत आणि एक नेटिव्ह पद्धत. पहिली मूळची चालू असते. ॲप लिहिणाऱ्याने एक ओळ लिहिली तर दुसरी मिळते, पण ती ओळ लिहायची हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं.

तिसरं कारण अगदीच किरकोळ वाटेल पण विंडोजवरच्या धुरकटपणाच्या तक्रारीत ते फार वेळा निघतं. लॅपटॉपला स्केल १२५ टक्के असतं आणि जुन्या सॉफ्टवेअरला स्केल म्हणजे काय ते कळत नाही. ते १०० टक्क्याचं चित्र काढतं, विंडोज ते चित्र ओढून ताणून मोठं करतं. यात अक्षरंच काय, बटणं आणि आयकॉन पण पुसट होतात. ओळखायची खूण तीच, आयकॉनकडे बघा.

आणि मात्रा कापल्या जाणं. बटणाची उंची इंग्रजीला पुरेल एवढी, त्यात "र्डी" चा रफार वरून आणि "कृपया" चा ऋकार खालून उडतो. हे रास्टरायझरमुळे होत नाही, आपल्या लिपीला वर-खाली जास्त जागा लागते हे बनवणाऱ्याच्या लक्षातच आलेलं नसतं.

"म्हणजे नेटिव्हच सगळं वापरावं, नाही का?"

इतकं सरळ नाही भाऊ. मायक्रोसॉफ्टचं स्वतःचं टूलकिट डब्ल्यूपीएफ, २००६ चं, विंडोजवर चालणारं, घरचंच. त्यात अक्षरं इतकी धुरकट यायची की व्हिज्युअल स्टुडिओ २०१० हे प्रोग्राम लिहायचं सॉफ्टवेअर त्यावर लिहायला घेतल्यावर प्रोग्रामर लोकांनी चाचणीच्या आवृत्तीपासूनच कटकट लावली आणि मग डॉटनेट ४ मध्ये पिक्सेलवर नीट बसवायची वेगळी सोय करावी लागली. ऑफिस २०१३ मध्ये वर्डने क्लिअरटाइपचे रंग सोडले आणि साधी राखाडी घेतली. मॅकने २०१८ च्या मोहावीमध्ये रंगांची युक्ती मूळ सेटिंगमधून काढून टाकली. तेव्हा नेटिव्ह म्हटलं की अक्षर टंच असणार असा काही नियम नाही, घरचे लोक पण आपली मतं बदलत असतात.

नेटिव्हचा खरा फायदा वेगळा आहे असं मला वाटतं. सगळ्या खिडक्यांमध्ये अक्षर सारखं दिसतं आणि एका जागी केलेली सेटिंग सगळीकडे लागते. डोळा धुरकटपणाला पण सरावतो, टंचपणाला पण सरावतो, पण दिवसभर यातून त्यात आणि त्यातून यात केलं की वैतागतो. जी टूलकिटं सिस्टीमचं ऐकतात, म्हणजे मॅकवर क्यूटी कोअर टेक्स्ट वापरतं तसं, तिथं फरक सांगता पण येत नाही.

"आमचे जुने फॉन्ट तर कुठेही टाका, नीटच दिसतात"

हे डीटीपीवाल्यांचं आवडतं वाक्य, आणि ते खोटं नाही. कृतिदेव, श्रीलिपी, शिवाजी यातल्या जुन्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले असतात. रफार कुठे, वेलांटी आधी की नंतर, हे टाइप करणारा किंवा त्याचं कीबोर्डचं सॉफ्टवेअर ठरवतं, म्हणजे शेपिंग आधीच झालेलं असतं. म्हणून पानं लावायचं जुनं सॉफ्टवेअर पेजमेकर, ज्याची शेवटची आवृत्ती २००१ ची, त्यात पण सगळं बरोबर दिसतं. पण ज्याच्याकडे तो फॉन्ट नाही त्याला नुसता इंग्रजी कचरा दिसतो, गूगलला त्यातलं काही सापडत नाही, मोबाइलवर कॉपी करता येत नाही. आणि धुरकटपणाचं म्हणाल तर तो तिथं पण तेवढाच, कारण पिक्सेल करणारा रास्टरायझर तोच आहे.

भारी मॉनिटर घेतला की संपलं?

बहुतांशी हो. २४ इंचाच्या फुल एचडी मॉनिटरवर इंचाला ९२ पिक्सेल असतात, १५.६ इंची १३६६ बाय ७६८ च्या जुन्या लॅपटॉपवर १००. साडेसहा इंची फुल एचडी फोनवर साधारण ४००. म्हणूनच फोनवर कोणतंही ॲप उघडा, अक्षराबद्दल कोणी तक्रार करत नाही. २४ इंचाचा फोर-के मॉनिटर घेतला तर इंचाला १८४ होतात, स्केल २०० टक्के ठेवलं की ती १.३ पिक्सेलची शिरोरेषा २.६ पिक्सेलची होते, आणि दोन पिक्सेलपेक्षा जाड रेषेत निदान एक ओळ तरी पूर्ण काळी येतेच, ती कुठेही सुरू होवो. मॅकवाले आणि जीटीकेवाले हिंटिंग-रंग सोडून मोकळे झाले ते याच भरवशावर. पण टायपिंगच्या परीक्षेला बसणारी पोरं ज्या मॉनिटरवर सराव करतात ते काही फोर-के नसतात, आणि पुढची बरीच वर्षं नसतील. ओएलईडीच्या काही मॉनिटरवर तर लाल-हिरव्या-निळ्याची मांडणीच वेगळी असते, तिथं क्लिअरटाइपचे रंग कडेला उलटे उठून दिसतात, मग तिथं साधी राखाडीच बरी.

प्रिंटमध्ये काय होतं

काळजी नको. ६०० डीपीआयच्या, म्हणजे इंचाला ६०० ठिपक्यांच्या, प्रिंटरवर तीच शिरोरेषा आठ ठिपके जाड होते, नेटिव्ह काय आणि टूलकिट काय, कागदावर ओळखू येणार नाही. फरक पडला तर ओळी तुटण्यात पडतो. जुनी पद्धत प्रत्येक अक्षराची रुंदी अख्ख्या पिक्सेलला गोल करायची, नवी तशी करत नाही. अक्षरामागे ०.३ पिक्सेलचा फरक धरला तरी ६० अक्षरांच्या ओळीत १८ पिक्सेल होतात, एखादा शब्द सहज खाली जातो, आणि असं होत होत पान सरकतं. सिव्हिल लाइन्सला हायकोर्टात अर्ज द्यायचाय आणि अनुक्रमणिकेतले पान नंबर दुसऱ्या मशीनवर जुळत नाहीत, त्यामागे हे असू शकतं. पीडीएफ करून पाठवली की अक्षरांच्या जागा पक्क्या होतात, फक्त फॉन्ट आत बसवलाय ना तेवढं बघून घ्या.

आपल्या मशीनवर कसं तपासायचं

दोन्ही सॉफ्टवेअरमध्ये एकच फॉन्ट, एकच साइज, झूम १००. "वऱ्हाडी मिरची, सीताबर्डीचा किल्ला, संत्र्यांची टोपली, कृपया, हृदय" एवढं टाइप करा. ठिपक्यांचं गोल किंवा उघडा हलन्त दिसला तर शेपिंगचा घोळ, सॉफ्टवेअर बदला किंवा अपडेट करा, बाकी सेटिंगने काही होणार नाही. ल हिंदी वाटला तर भाषा. सगळ्या शब्दांची शिरोरेषा तुटक असेल तर अक्षरांमधलं अंतर शून्य करून बघा.

अक्षरं बरोबर पण पुसट असतील तर आधी आयकॉन बघा. ते पण पुसट असतील तर स्केलचा प्रश्न, विंडोजवर त्या प्रोग्रामच्या फाइलवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, कम्पॅटिबिलिटी, तिथं हाय डीपीआयची सेटिंग आहे, ती ॲप्लिकेशनवर सोपवा. कधी सगळं बारीक होतं, पण टंच होतं. आयकॉन छान आणि अक्षरंच फिकी असतील तर विंडोजवर क्लिअरटाइप ट्यूनर चालवा आणि क्रोम, एज नवे करून घ्या.

लिनक्सवर फॉन्टच्या सेटिंगमध्ये हिंटिंगला चार पर्याय असतात, त्यातला स्लाइट निवडा. तो अक्षराला आडवं वाकवत नाही, फक्त वर-खाली पिक्सेलवर बसवतो, आणि आपल्याला तेवढंच पाहिजे. फुल केलं की मराठी अक्षरं कधी कधी चपटी आणि विचित्र होतात. अँटीअलायझिंगला साध्या मॉनिटरवर आरजीबी (तीच तीन रंगांची युक्ती) करून बघा, कडेचे रंग डोळ्यात आले तर ग्रेस्केलवर, म्हणजे साध्या राखाडीवर, परत या. सेटिंग बदलल्यावर प्रोग्राम बंद करून परत उघडावा लागतो, बरेच जण तेवढं करत नाहीत आणि फरकच पडला नाही म्हणतात.

एवढं करूनही एखाद्याच ॲपमध्ये घोळ राहिला तर ते बनवणाऱ्याला कळवा, पण मोबाइलने मॉनिटरचा फोटो काढून पाठवू नका, त्यात पट्टे येतात आणि काहीच कळत नाही. पीएनजी स्क्रीनशॉट काढा, तो व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून टाकू नका कारण तिथं तो दाबला जातो, डॉक्युमेंट म्हणून टाका किंवा मेल करा. सोबत फॉन्टचं नाव, साइज, स्केल किती टक्के आणि मॉनिटरचं रिझोल्यूशन लिहा, आणि त्याच शब्दाचा नेटिव्ह सॉफ्टवेअरमधला स्क्रीनशॉट पण जोडा, म्हणजे तिकडच्या देवनागरी न वाचता येणाऱ्या माणसाला पण कळेल की बरोबर कसं दिसायला पाहिजे होतं.